आल्गार्व एका दिवसात: तावीरापासून साग्रेसपर्यंत जुन्या बंदरांची गाडीवाट

आल्गार्वला जाणारे बहुतेक जण अल्बुफेराच्या आसपास एखाद्या हॉटेलात उतरतात, दोन-चार दिवस पुळणीवर लोळतात, कड्यांमधल्या गुहांची बोटफेरी करतात आणि परततात. त्यात वाईट काही नाही. पण इतिहासाची थोडीफार आवड असेल तर पोर्तुगालच्या या दक्षिण किनाऱ्यावर एक दिवस राखून ठेवा, गाडी काढा आणि इथली जुनी बंदरं पाहून या.

यातली बरीचशी आज नावापुरती बंदरं आहेत. कुठे नदी गाळाने भरली, कुठे वाळूचे दांडे समुद्र आणि गाव यांच्या मधे आले, तर कुठे भूकंपाने कंबरडं मोडलं. त्यामुळे व्यापार, बिशपची गादी, सुभ्याचा कारभार हे सगळं या गावातून त्या गावात हलत राहिलं. कुंडलिकेच्या मुखावरचं चौल ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. हा धागा हातात ठेवून निघालात तर तावीरा, फारो, सिल्वेस, लागोस आणि साग्रेस ही पाच ठिकाणं सुटी सुटी वाटत नाहीत.

दिशा आणि मुक्काम आधी ठरवा

प्रवास पूर्वेकडून पश्चिमेकडे करा. सकाळी सूर्य पाठीशी राहतो आणि दिवसाचा शेवट केप सेंट व्हिन्सेंटवर होतो. युरोपच्या मुख्य भूमीचं हे नैऋत्य टोक, इथून पुढे नुसता अटलांटिक. सूर्यास्तासाठी याहून चांगली जागा या किनाऱ्यावर नाही. उलट दिशेने आलात तर संध्याकाळी तावीराच्या नदीकाठी जेवण छान होईल, पण सूर्यास्त मागे राहील.

मुक्काम कुठे करायचा हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. फारोला विमानतळ आहे म्हणून लोक फारोलाच राहतात. मग सकाळी तावीरा गाठून परत फारो, पुढे साग्रेस आणि रात्री पुन्हा फारो असं सगळं मिळून सव्वातीनशे किलोमीटरच्या वर जातं. जमतं, पण रात्रीचे शेवटचे सव्वाशे किलोमीटर अंगावर येतात. माझा सल्ला असा: आदल्या संध्याकाळी फारो विमानतळावर गाडी ताब्यात घ्या आणि झोपायला तावीरा गाठा, अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता आहे. दुसऱ्या रात्रीचा मुक्काम लागोसला करा. मग दिवसभरात गाडी सव्वादोनशे किलोमीटरच्या आतच चालते.

रेल्वेने का नाही? किनाऱ्यालगत लागोसपर्यंत रेल्वे आहे, पण ती साग्रेसला जात नाही, आणि सिल्वेसचं स्टेशन गावापासून दोनेक किलोमीटर खाली आहे. एका दिवसात पाच ठिकाणं करायची तर गाडीच हवी.

महिना निवडता येत असेल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी, भाडी आणि ऊन तिन्ही चढलेलं असतं. शक्यतो सोमवार टाळा, बरीच संग्रहालयं आणि चर्चं त्या दिवशी बंद असतात. हिवाळ्यात सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो, तेव्हा पाच ठिकाणांचा हट्ट सोडा.

कागदपत्रं आणि गाडी

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. लंडनमध्ये राहणाऱ्या मंडळींनाही लागतो, फारोला तिथून थेट विमानं असली तरी. भारतातला वाहन परवाना असेल तर सोबत आंतरराष्ट्रीय परवाना काढा. 'परिवहन' पोर्टलवर किंवा आपल्या आरटीओत नमुना ४-ए भरून तो मिळतो, शुल्क १,००० रुपये आणि मुदत एक वर्ष. हा परवाना एकटा चालत नाही, मूळ परवानाही खिशात हवा.

गाडी भाड्याने घेताना चार गोष्टी पाहा.

पहिली, गिअर. पोर्तुगालमध्ये भाड्याच्या स्वस्त गाड्या सहसा हाताच्या गिअरच्या असतात. गाडीचं चाक डावीकडे, गिअर उजव्या हाताला आणि रस्ता उजव्या बाजूचा. हे सगळं एकदम सांभाळण्यापेक्षा ऑटोमॅटिक घ्या. ती कमी असते आणि महाग पडते, म्हणून आधीच नोंदवा.

दुसरी, आकार. चार जणांपर्यंत लहान हॅचबॅकच बरी. जुन्या गावांतल्या गल्ल्या मध्ययुगात माणसं आणि खेचरं यांच्यासाठी आखलेल्या आहेत.

तिसरी, कार्ड. अनामत रक्कम बहुधा क्रेडिट कार्डावरच अडवून ठेवतात, आणि कार्ड चालकाच्या नावाचं लागतं. बापलेकाच्या प्रवासात गाडी मुलाच्या नावावर आणि कार्ड वडिलांचं असलं की काउंटरवर अडतं.

चौथी, विमा. नुकसान झाल्यास तुमच्या खिशातून किती जाणार तो आकडा विचारा. काच आणि टायर त्यात आहेत का, हेही विचारा.

गाडी घेताना चारही बाजूंनी, छपरासकट, मोबाइलवर व्हिडिओ काढा. गाडीत धोक्याचा त्रिकोण आणि चमकणारं जाकीट आहे ना, तेही बघा.

रस्ता समजून घ्या

पूर्व-पश्चिम जायला दोन रस्ते आहेत. ए-२२ हा द्रुतगती महामार्ग किनाऱ्यापासून थोडा आत, डोंगराच्या पायथ्याशी धावतो. एन-१२५ हा जुना रस्ता गावागावांतून जातो. नकाशावर एन-१२५ जास्त रमणीय वाटतो, पण तसा तो नाही. दर दोन-तीन किलोमीटरवर चक्राकार चौक, फर्निचरची दुकानं, सुपरमार्केटं आणि हॉटेलांच्या पाट्या. समुद्र तर त्यावरून क्वचितच दिसतो. म्हणून मधला सगळा पट्टा ए-२२ वरून ओलांडा. या रस्त्यावरचा टोल १ जानेवारी २०२५ पासून रद्द झाला आहे, त्यामुळे जुन्या लेखांत टोलच्या यंत्राबद्दल आणि दंडाबद्दल जे वाचाल ते ए-२२ पुरतं विसरा. लिस्बनकडे जाणाऱ्या ए-२ वर मात्र टोल आहे.

वेगमर्यादा महामार्गावर १२०, गावाबाहेर ९०, गावात ५०. चक्राकार चौकात आधीपासून फिरणाऱ्या गाडीला हक्क असतो आणि फिरायचं घड्याळाच्या उलट दिशेने. पहिल्याच फाट्याला बाहेर पडायचं असेल तरच उजवी लेन धरायची, पुढचा फाटा असेल तर आतली. आपल्याकडून गेलेला माणूस घाबरून उजव्या कडेने पूर्ण चक्कर मारतो. तिथे ते नियमाविरुद्ध आहे आणि मागून हॉर्न ऐकू येतात. दारूची मर्यादा रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम, नव्या चालकाला ०.२. इथली मेद्रोन्यू नावाची फळांची दारू घरगुती आणि कडक असते, ती मुक्कामाला पोहोचल्यावरच. पंपावर 'गॅझोलिना' म्हणजे पेट्रोल आणि 'गॅझोलिओ' म्हणजे डिझेल. दोन नावं इतकी जवळची आहेत की नळी उचलण्याआधी टाकीच्या झाकणावरचं वाचाच. अडचणीत ११२.

आणि सगळ्या गावांना लागू असलेला एक नियम: तटाच्या आत गाडी घालू नका. नकाशाचं ॲप नेईल, तरी नका. बाहेर लावा आणि चाला. गाडीत दिसेल असं काही ठेवू नका, बॅगा सकाळीच डिकीत टाका.

सकाळी साडेआठ: तावीरा

जिलांव नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं हे गाव सकाळी सगळ्यात छान दिसतं. पांढरी घरं, दारं-खिडक्यांभोवती दगडी किंवा रंगीत पट्टे, आणि छपरं वेगळीच. एकाच घराला लहान-लहान चार उतारांची तीन-चार छपरं शेजारी-शेजारी बसवलेली असतात. त्यांना इथे कात्रीची छपरं म्हणतात. ती नीट पाहायची तर वर किल्ल्यात जा.

मधोमध सात कमानींचा दगडी पूल आहे. सगळे त्याला रोमन म्हणतात, पण आज दिसतो तो पूल मध्ययुगातला आणि सतराव्या शतकात दुरुस्त केलेला आहे. १९८९च्या पुरानंतर त्यावरून गाड्या बंद झाल्या. पूल ओलांडून चढ चढलात की किल्ल्याचे उरलेसुरले तट आणि आत एक लहानशी बाग लागते. बागेत शिरायला पैसे पडत नाहीत. तटाच्या पायऱ्यांना कठडा नाही, मुलांचा हात धरा. वरून छपरांच्या पलीकडे मिठागरं आणि त्यापलीकडे वाळूची बेटं दिसतात. समुद्र मुळात किती जवळ होता आणि आता मधे काय काय आलं, हे इथून एका नजरेत कळतं.

शेजारचं सांता मारिया दो कास्तेलो हे चर्च मशिदीच्या जागी उभं राहिलं. १२४२मध्ये दोम पायो पेरेश कोरैया या सरदाराने तावीरा मुस्लिम राजवटीकडून जिंकलं. त्याची आणि त्याच्या सात शूरांची समाधी या चर्चमध्ये असल्याचं सांगतात. चर्च उघडं असेल तर आत जा, नसेल तर थांबू नका. या एवढ्याशा गावात तिसाहून अधिक चर्चं आहेत, सगळी पाहायला गेलात तर फारो राहील.

तावीराचं पोट दोन गोष्टींवर चाले, मीठ आणि ट्यूना मासा. मीठ अजून आहे. उन्हाळ्यात मिठागरांवर सकाळी वारा पडलेला असताना पाण्यावर पातळ पापुद्रा धरतो, तो जाळीच्या फावड्याने अलगद वरच्या वर उचलतात. हीच ती 'फ्लोर द साल'. मंडईजवळच्या दुकानांत लहान पाकिटं मिळतात आणि वजनाला हलकी असल्याने भेट म्हणून आणायला सोयीची आहेत. ट्यूना मात्र गेली. बाऱ्हिल पुळणीवर ट्यूनाच्या जाळ्यांचे जुने लोखंडी नांगर वाळूत ओळीने रोवून ठेवले आहेत, दोनशेच्या आसपास. तिथे जायला लहानशी आगगाडी आहे. हे पाहायचं तर दीड तास जास्त लागेल, आणि मग फारोवर पाणी सोडावं लागेल. सोबत मुलं असतील तर मी तोच सौदा करेन.

न्याहारी नदीकाठच्या एखाद्या पाश्तेलारियात, म्हणजे मिठाई-कॉफीच्या दुकानात, उरका. कॉफी, टोस्ट आणि बदाम-अंजीर-कॅरोबची एखादी मिठाई घ्या. ही झाडं या भागाचीच. सव्वादहाला निघा.

पावणेअकरा: फारो

फारोला लोक विमानातून उतरतात आणि टॅक्सी धरून निघून जातात, म्हणून जुनं गाव अजून शांत आहे. गाडी तटाबाहेरच्या लार्गो द सां फ्रान्सिस्को या मोठ्या पटांगणात लावा. ऑक्टोबरात तिथे सांता इरियाची जत्रा भरते, तेव्हा मात्र दुसरी जागा शोधावी लागते.

बंदराकडून आत शिरायला 'आर्को दा विला' ही एकोणिसाव्या शतकातली कमान आहे. आत पाऊल टाकलंत की तिच्याच पोटात मूरांच्या, म्हणजे इथल्या जुन्या मुस्लिम राज्यकर्त्यांच्या, काळातली घोड्याच्या नालेच्या आकाराची जुनी कमान दिसते. वर मान करा, माथ्यावर करकोच्यांचं घरटं असतं. पुढे संत्र्याची झाडं लावलेला चौक आणि त्यात कॅथेड्रल. कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर नक्की चढा. एका बाजूला कौलं, दुसऱ्या बाजूला रिया फोर्मोझाची खाजणं. साठेक किलोमीटर पसरलेला हा खाड्या, चिखलपट्टे आणि वाळूच्या बेटांचा प्रदेश गाव आणि समुद्र यांच्या मधे पसरलेला आहे. ओहोटीला तिथे बोटीऐवजी चिखल दिसतो. १७५५च्या भूकंपानंतर ज्या लाटा आल्या, त्यांचा जोर या बेटांनी बराच मोडला असं मानतात. लागोसला तशी ढाल नव्हती.

फारोची एक गोष्ट ग्रंथप्रेमींसाठी. १५९६मध्ये अर्ल ऑफ एसेक्सच्या इंग्रज आरमाराने हे गाव लुटलं, जाळलं, आणि बिशपच्या वाड्यातली पुस्तकं उचलून नेली. पुढे ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जमा झाली आणि तिथेच राहिली. त्याआधी, १४८७मध्ये, याच गावात सामुएल गाकोन या ज्यू मुद्रकाने हिब्रू पंचग्रंथ, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाचे पहिले पाच भाग, छापला. पोर्तुगालमध्ये छापलं गेलेलं हे पहिलं पुस्तक मानतात. दहाच वर्षांत राज्यातल्या ज्यूंवर सक्तीचं धर्मांतर लादलं गेलं.

वेळ उरला तर तटाबाहेरचं कार्मो चर्च पाहा. पुढे ब्राझीलच्या सोन्याने मढवलेली लाकडी वेदी, मागे बाराशेहून अधिक साधूंच्या हाडांनी आणि कवट्यांनी चिणलेलं छोटं प्रार्थनाघर. ज्यांना असलं पाहवत नाही त्यांनी वेदी पाहून बाहेर यावं. सव्वाबाराला गाडीत बसा.

एक वाजता: सिल्वेस

ए-२२ वरून सिल्वेसकडे वळलात की डोंगरावर तांबडा किल्ला दिसतो. लांबून जांभ्याचा वाटतो. दगड मात्र इथला तांबडा वालुकाश्म आहे. गाडी खाली नदीजवळ लावा, कारण वरचे रस्ते चढाचे आणि अरुंद आहेत.

आधी जेवा. पोर्तुगालमध्ये दुपारचं स्वयंपाकघर तीनच्या सुमारास बंद होतं आणि संध्याकाळी सातपर्यंत उघडत नाही. 'प्रातो दो दिया' म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं जेवण, ते स्वस्त आणि लवकर येतं. बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज समोर ठेवतात. ते फुकट नसतं, नको असेल तर तसंच परत करा, कुणी रागावत नाही. मासे खाणाऱ्यांना चिंता नाही: सार्डिन, बांगड्याच्या जवळचा कारापाउ, आणि वेळ असेल तर काताप्लाना. काताप्लाना म्हणजे शिंपल्यासारखं उघडझाप होणारं तांब्याचं भांडं आणि त्यात वाफवलेलं मासे-शिंपल्यांचं कालवण, दोघांसाठी असतं आणि यायला वेळ लागतो.

शाकाहाऱ्यांनी 'सें कार्न, सें पैश' म्हणजे मांस नको, मासा नको, असं स्पष्ट सांगावं. भाज्यांचं सूप, ऑम्लेट चालत असेल तर ते, आणि इथली खास गाजरं: उकडून लसूण, जिरं, कोथिंबीर आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली. कोथिंबीर आल्गार्वच्या स्वयंपाकात भरपूर वापरतात, त्यामुळे चव ओळखीची लागते. 'काल्दो व्हेर्द' हे हिरव्या भाजीचं सूप शाकाहारी समजून घेऊ नका, त्यात सॉसेजच्या चकत्या असतात.

जेवणानंतर लगेच किल्ल्यावर नको, ऊन असतं. आधी पुरातत्त्व संग्रहालयात जा. ही इमारतच एका विहिरीभोवती बांधली आहे. अल्मोहाद या मूर राजवटीच्या काळातली, अठरा मीटरच्या आसपास खोल, आणि भोवतीने दगडात वळत खाली जाणारा जिना. जिन्याच्या भिंतीत झरोके आहेत, त्यातून पाण्याकडे डोकावता येतं. आपल्याकडच्या पायविहिरी पाहिलेला माणूस इथे जरा जास्त वेळ रेंगाळतो.

ही विहीर पाहून मग किल्ल्यात गेलात तर सिल्वेसचा इतिहास बरोबर लागतो, कारण हे शहर पडलं ते तहानेने. मूरांच्या काळात याचं नाव शिल्ब. आल्गार्वची राजधानी, जहाजं थेट आराद नदीतून तटापर्यंत येत. सेव्हिलचा कवी-राजा अल-मुतमिद तरुणपणी इथला सुभेदार होता. पुढे अल्मोरावीद या उत्तर आफ्रिकेतल्या मुस्लिम घराण्याने त्याला गादीवरून काढून मोरोक्कोत कैदेत ठेवलं आणि १०९५मध्ये तो तिथेच मेला. ११८९मध्ये पोर्तुगालचा राजा सांशो पहिला चालून आला. तिसऱ्या धर्मयुद्धाला समुद्रमार्गे निघालेले उत्तर युरोपातले सैनिक त्याने वाटेत सोबत घेतले होते. उन्हाळ्यात वेढा पडला, पाणी तोडलं गेलं आणि शहराने दार उघडलं. दोनच वर्षांत मूरांनी ते परत घेतलं. कायमचं पोर्तुगालकडे गेलं ते तेराव्या शतकाच्या मध्यावर. किल्ल्याच्या दारात सांशोचा मोठा पुतळा आहे. आत कमानींवर तोललेली पाण्याची मोठी टाकी आहे, ती चुकवू नका. तटावरून पूर्ण फेरी मारता येते. तट इतके धड दिसतात त्याचं एक कारण १९४०च्या दशकातली डागडुजी आहे.

तटावरून खाली आराद पाहा. एवढ्याशा पाण्यातून समुद्री जहाजं येत होती यावर विश्वास बसत नाही. नदी गाळाने भरत गेली, रोगराई वाढली, व्यापार लागोसकडे सरकला आणि १५७७मध्ये बिशपची गादीसुद्धा फारोला हलली. शेजारच्या तांबड्या कॅथेड्रलकडे बिशप उरला नाही. उतरताना संत्री घ्या, सिल्वेसची संत्री देशभर नावाजलेली आहेत. पावणेचारला निघा.

सव्वाचार: लागोस

दिवसातला हा सगळ्यात वजनदार थांबा आहे, आणि तो गाडी लावण्यापासूनच सुरू होतो. तटाबाहेरच्या ज्या आनेल वेर्द भागात वाहनतळ आहे, तिथे २००९मध्ये बांधकामासाठी खोदताना पंधराव्या शतकातला उकिरडा सापडला. त्यात कचऱ्यासोबत टाकून दिलेले दीडशेहून अधिक आफ्रिकी माणसांचे सांगाडे होते, बायका आणि मुलंही. काहींचे हात बांधलेले असावेत असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे.

ही माणसं कोण, याचं उत्तर दहा मिनिटांवर आहे. पण आधी धावत सांतो आंतोनियो चर्च गाठा, कारण ते आणि त्याला जोडलेलं संग्रहालय संध्याकाळी लवकर बंद होतं. बाहेरून हे चर्च अगदी साधं आहे. आत छतापर्यंत सोनेरी लाकडी कोरीवकाम: राक्षस, फळं, मासे धरणारी माणसं, गुबगुबीत देवदूत. जुन्या गोव्यातल्या सोनेरी वेद्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही कला लगेच ओळखू येईल, कारीगरी एकाच परंपरेतली आहे. फरक एवढाच की गोव्याच्या चर्चांना उंची आहे, आणि इथे तेवढंच सोनं एका दिवाणखान्याएवढ्या जागेत दाटून बसलंय.

मग प्रासा दो इन्फान्ते या चौकात या. मधोमध आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जहाजं धाडणाऱ्या पोर्तुगीज राजपुत्र हेन्रीचा पुतळा. १४३४मध्ये लागोसच्याच जिल यानिश या दर्यावर्दीने आफ्रिकेचं बोजादोर टोक ओलांडलं. त्यापलीकडे गेलेलं गलबत परत येत नाही, असा तोवरचा समज होता. हेन्रीने त्याला दुसऱ्यांदा पिटाळलं तेव्हा तो पार झाला. त्या दारातून पुढे चौसष्ट वर्षांनी वास्को द गामाची जहाजं कालिकतला पोहोचली. पण त्याच्या कितीतरी आधी, ८ ऑगस्ट १४४४ रोजी, या लागोसच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून पकडून आणलेली २३५ माणसं उतरवली आणि वाटून दिली. आई एका गटात, मूल दुसऱ्या गटात. हेन्री घोड्यावर बसून ते पाहत होता, आणि पाचवा हिस्सा त्याचा होता. हे त्याच्याच बाजूच्या बखरकाराने, झुराराने, लिहून ठेवलंय. चौकाच्या कोपऱ्यात कमानींची एक लहान इमारत आहे, तिथे आता गुलामांच्या व्यापाराचं छोटं संग्रहालय आहे. पाहायला अर्धा तास पुरतो. लागोसमध्ये एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर सोनं सोडा आणि ही पाहा.

तिथून दोन मिनिटांवर तटात एक कोरीव खिडकी आहे. राजा सेबास्तियांवने १५७८मध्ये मोरोक्कोवर चढाई करण्यापूर्वी या खिडकीतून प्रार्थना ऐकली असं सांगतात. चोवीस वर्षांचा हा राजा त्या लढाईत नाहीसा झाला, मूलबाळ नव्हतं, आणि दोन वर्षांत पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली. त्यामुळे १६४०पर्यंत गोवा, वसई, चौल यांचाही धनी स्पेनचाच राजा होता. गावातल्या दुसऱ्या चौकात सेबास्तियांवचा १९७३मधला पुतळा आहे: शिरस्त्राण पायाशी, चेहरा पोरगेलासा, भांबावलेला. इथल्या काही जणांना तो आवडत नाही. मला तो आख्ख्या आल्गार्वमधला सगळ्यात प्रामाणिक पुतळा वाटतो.

नंतर तासाभरात जे जमेल ते. समुद्राच्या बाजूला तटाबाहेर सतराव्या शतकातला पोन्ता दा बांदेरा हा टुमदार किल्ला, खंदकावर पूल. मिठाईच्या दुकानात चमकत्या कागदात बांधलेलं 'दोम रोद्रिगो' मिळतं: अंड्याच्या पिवळ्या बलकाचे धागे, साखर आणि बदाम. एक दोघांत घ्या, अति गोड असतं. पोन्ता दा पिएदादचे कडे प्रसिद्ध आहेत, पण आज नको. लागोसला मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा, तेव्हा उजेडही चांगला असतो. सहाला लागोस सोडा. त्याआधी पेट्रोल भरा.

पावणेसात: साग्रेस आणि केप सेंट व्हिन्सेंट

लागोसपासून साग्रेस पस्तीसेक किलोमीटर. इथे महामार्ग संपतो आणि साधा दुपदरी रस्ता लागतो. मावळतीचा सूर्य सरळ डोळ्यांवर येतो, म्हणून गॉगल डॅशबोर्डवर ठेवा आणि पुढच्या गाडीपासून अंतर राखा. विला दो बिश्पोनंतर झाडं खुरटी होत जातात आणि वारा गाडीला ढकलायला लागतो. ऑगस्ट असला तरी जाकीट घ्या. उत्तरेचा हा वारा इथे उन्हाळ्यातच जास्त बोचतो.

साग्रेसचा किल्ला म्हणजे समुद्रात घुसलेल्या सपाट खडकाच्या मानेवर बांधलेली एक भिंत. बाकी तिन्ही बाजूंना कडे. आत दगडांनी जमिनीवर आखलेलं चाळीसेक मीटर व्यासाचं वर्तुळ आहे, होकायंत्रासारखं दिसणारं. ते केव्हाचं आणि कशासाठी, यावर एकमत नाही. हेन्रीने इथे नौकानयनाची शाळा काढली असं अजून माहितीपत्रकांत छापतात, पण इतिहासकारांना तशा शाळेचा पुरावा मिळालेला नाही. तो इथे राहिला आणि १४६०मध्ये वारला, हे मात्र खरं. १५८७मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकने किल्ला उद्ध्वस्त केला, उरलेलं १७५५ने केलं. त्या भूकंपाचं केंद्र याच टोकाच्या नैऋत्येला समुद्राखाली होतं. किल्ला सूर्यास्ताच्या आधी बंद होतो. उशीर झाला असेल तर बाहेरूनच पाहा आणि सरळ केपकडे निघा, सहा किलोमीटर.

केपवर १८४६मध्ये उभारलेलं दीपगृह आहे. त्याचं आवारही संध्याकाळी बंद होतं, पण सूर्यास्त बाहेरच्या कड्यावरून दिसतो. गाड्यांची रांग रस्त्याच्या कडेने मागे लांबत जाते, म्हणून निदान पाऊण तास आधी पोहोचा आणि गाडी परतीच्या दिशेला तोंड करून लावा. सूर्य बुडाला की सगळे एकदम निघतात. जूनमध्ये सूर्यास्त नऊच्या थोडा आधी, सप्टेंबरअखेर साडेसातच्या आसपास. वरचं वेळापत्रक त्यानुसार मागेपुढे करा.

कड्याच्या अगदी टोकाला मासे पकडणारे उभे असतात. साठ-सत्तर मीटर खाली लाटा फुटत असतात, आणि हे लोक लांब काठी कंबरेला टेकवून, पायाशी पिशवी ठेवून, शेजाऱ्याशी गप्पा मारत असतात. त्यांच्या शेजारी जाऊन फोटो काढू नका. खडक ठिसूळ आहे, कठडा नाही आणि वाऱ्याचा झोत अचानक येतो. मुलांना कडेपासून दहा पावलं मागेच बसवा.

परतताना

जेवण साग्रेसमध्येच उरका, कारण लागोसला पोहोचेपर्यंत दहा वाजतात. साग्रेस ते विला दो बिश्पो हा रस्ता अंधारा आहे. कुत्रे, ससे मधे येतात, शिवाय सूर्यास्त पाहून परतणाऱ्या कॅम्पर गाड्या हळू जात असतात. घाईने मागे टाकायला जाऊ नका.

हिवाळ्यात गेलात तर फारो गाळा आणि तावीरातून थेट सिल्वेस गाठा. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर सिल्वेसचा चढ आणि फारोचा मनोरा दोन्ही एका दिवशी नकोत, त्यातला किल्ला ठेवा. आणि अर्धाच दिवस हातात असेल तर लागोस आणि साग्रेस एवढंच करा.

दुसऱ्या दिवशी गाडी परत करताना विमानतळाच्या अलीकडच्या पंपावर टाकी पूर्ण भरा आणि पावती जपून ठेवा. कर्मचाऱ्याने गाडी तपासून सही दिल्याशिवाय किल्ली हातातून सोडू नका. काउंटर बंद असेल आणि किल्ली पेटीत टाकायची असेल तर पुन्हा एकदा चारही बाजूंचा, इंधनाच्या काट्याचा आणि किलोमीटरच्या आकड्याचा व्हिडिओ काढा. अनामत रक्कम कार्डावर मोकळी व्हायला काही दिवस लागतात, तोवर तो व्हिडिओ पुसू नका.